दौलतकाकांचा वूफर

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी दौलतकाकांकडे शिडी मागायला गेलो, तेव्हा ते बैठकीत रांगत होते.

पडलेबिडले की काय म्हणून मी धावलो. पण पडलेला माणूस गुडघ्यांखाली उशी घेऊन भिंतीच्या कडेकडेने पद्धतशीर सरकत नाही. काका जरासे सरकायचे, थांबायचे, मान वाकडी करायचे, फरशीवर तळवा टेकवायचे, नाक मुरडायचे आणि पुढे निघायचे. बैठकीतल्या वेताच्या खुर्चीवर, जिथे एरवी काकू बसतात तिथे, एक काळा चौकोनी डबा बसवलेला होता आणि त्याच्या पोटात ढोलकी वाजत होती. पाहुण्याला खुर्ची देऊन यजमानाने जमिनीवर लोळावं, असा तो एकूण प्रकार होता.

"शिडी मागच्या अंगणात आहे," काका माझे पाय पाहूनच म्हणाले. "पण तिथं उभा नको राहू. तू उभा राह्यला का आवाज तुया पायात घुसते."

मी बाजूला झालो. "काका, हे काय करून राह्यले?"

"मोठ्यानं बोल बा."

मी मोठ्याने विचारलं. ते उठून बसले आणि मला शास्त्र सांगू लागले. "ज्या जागी बसून ऐकायचं, त्या जागी हा वूफर ठेवायचा. मंग आपण सगळ्या खोलीत रांगायचं. जिथं आपल्याले ढोलकी गोड लागली, तीच याची जागा. याले उचलून तिथं न्यायचं अन् आपण इथं येऊन बसायचं. म्हणजे काम उलटं आहे. समजलं?"

मला समजलं नाही. पण फोनवर एका माणसाने असं रांगून दाखवलं होतं आणि तो माणूस टाय लावून रांगत होता, त्याअर्थी ते खोटं असणार नाही, असं काकांचं म्हणणं पडलं.

दौलतकाका आसुटकर हे मारेगावातले माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. राजूरकडच्या कोळसा खाणीत पंपावर नोकरी झाली, आता निवृत्त होऊन गावाबाहेरची थोडी कपाशी आणि तूर पाहतात. खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपाजवळ उभं राहिलं की दुसरं काही ऐकू येत नाही. पंप बरा आहे की आजारी, हे तिथे तळवा टेकवून ओळखायचं. नोकरी सुटली, पण सवय हाताला चिकटून घरी आली. कुणाची मोटार, कुणाची फटफटी, कुणाच्या सुनेचा मिक्सर, जे थरथरेल त्यावर काकांचा तळवा पडतो. "बोलू नको, हात लावून पाह्य," हे त्यांचं ब्रीद आहे. माझ्या औषधाच्या दुकानातल्या फ्रीजवर त्यांनी एकदा असाच हात ठेवला, डोळे मिटले आणि "आठवड्याचा सोबती आहे" असं सांगून निघून गेले. मी घाबरून नव्या फ्रीजची चौकशी करून आलो. त्याला काही वर्षं लोटली, फ्रीज अजून चालू आहे. काका आजही येता-जाता त्याला हात लावतात आणि "ओढून राह्यला बिचारा" म्हणून हळहळतात.

"मोठ्यानं बोल बा" हे दुसरं, अलीकडचं ब्रीद. कान पंपाने खाल्ले, असं ते प्रत्येकाला सांगतात. त्यामुळे त्यांच्या बैठकीत बसलेला माणूस निवडणुकीला उभा राहिल्यासारखा बोलतो. मुलीचं लग्न जमवून राह्यलो हो, अजून कोणाले सांगू नका, असं गुपितसुद्धा तिथे ओरडून सांगावं लागतं. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, आसुटकरांकडे हळदीकुंकू नसतं, सभा असते.

कुसुमकाकू अगदी उलट. बारीक अंगाच्या, टापटिपीच्या, कमी बोलणाऱ्या. पूर्वी गल्लीतल्या भजनी मंडळात ढोलकी त्यांच्याच हातात असायची. वर्षभरापूर्वी गुडघ्यांचं कारण सांगून त्यांनी मंडळ सोडलं आणि तेव्हापासून त्या वेताच्या खुर्चीत बसून निवडणं-टिपणं करत सगळ्यांकडे पाहून हसत असतात.

होम थिएटर पुण्याहून मुलाने पाठवलं होतं, नितीनने. चार लहान स्पीकर आणि धडधड काढणारा हा एक वूफर. स्पीकर भिंतीवर गेले, काकूंनी काही म्हटलं नाही. वूफर मात्र त्यांच्या डोळ्यांत खुपला. "हे काळं गाठोडं मले बैठकीत दिसलं नाही पाहिजे. चार लोकं येतात. कोणासाठी आणलं म्हणून विचारतीन," त्या म्हणाल्या. नितीनने फोनवर सांगितलं, नसेल आवडत तर संक्रांतीला येतो, तेव्हा परत घेऊन जातो.

म्हणजे काकांपुढचा पेच असा होता. डबा कुणाला दिसता कामा नये, पण त्याची ढोलकी काकूंच्या खुर्चीपर्यंत नीट पोचली पाहिजे. आणि हे संक्रांतीच्या आत. खुर्ची काकूंचीच का, असं मी विचारलं तर म्हणाले, "दुपारची मालिका तीच पाह्यते ना." मालिकेत ढोलकी कुठून येणार, हे माझ्या डोक्यात आलं, पण शिडी घेऊन जायची घाई होती.

पुढचे काही दिवस मी ते प्रयोग भिंतीच्या अलीकडून ऐकले आणि पलीकडे जाऊन पाहिले. पहिल्यांदा वूफर दिवाणच्या पेटीत गाद्यांखाली गेला. त्याचा आवाज शेजारच्या घरात कुणी गादी बदडत असल्यासारखा आला, आणि शेजारी मीच असल्याने दोघातिघांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग त्यावर पडदा टाकून फुलदाणी ठेवली. पहिल्या गाण्याला फुलदाणी कडेपर्यंत चालत गेली, दुसऱ्याला खाली उतरली. मग तो देव्हाऱ्याखालच्या कपाटात बसवला. तिथे ढोलकी सुरू झाली की वरची घंटा आपोआप डोलायची. ते पाहून काकूंनी दोनदा हात जोडले, तिसऱ्यांदा त्यांनी कपाट उघडलं.

शेवटी त्यावर कापड शिवून गुबगुबीत गादी ठोकून त्याचा मोढा, म्हणजे बसायचं बुटकं आसन, केला. दिसायला झकास. मोढ्याचं उद्‍घाटन वणीहून आलेल्या व्याह्यांनी अजाणतेपणी केलं. ते बसले, काकांनी कौतुकाने गाणं लावलं आणि व्याही चहाचा कप सोडून उभे राहिले. त्यानंतर ते त्या घरात कुठेही बसण्याआधी जागेला हात लावून पाहतात. काकांना वाटतं, आपली सवय त्यांनी उचलली.

असं चाललं असताना कापूस घरी आला.

आमच्याकडे कापूस वेचून आला की लगेच विकत नाहीत. भाव बघतात. तोवर तो ठेवायचा कुठे, तर घरात. बैठकीच्या अर्ध्या भागात भिंतीला टेकून खिडकीच्या चौकटीपर्यंत पांढरा ढीग लागतो आणि पाहुणे उरलेल्या अर्ध्यात बसतात. काकांकडेही तसा ढीग लागला. संध्याकाळी त्यांनी सहज गाणं लावलं आणि जेवता जेवता उठून माझ्या दारात आले.

"सुधीर, चाल. हात लावून पाह्य."

मी गेलो. खरंच फरक होता. आजवर त्या खोलीत ढोलकी भिंतींवर आपटत फिरायची, ती आता शहाण्यासारखी एका जागी बसून वाजत होती. सगळा घुमारा कापसाने पिऊन टाकला होता. काका त्या रात्री ढिगावरून रांगले. सगळ्या अंगाला कापूस लागलेला तो माणूस ढिगाच्या कोपऱ्यात थांबला आणि तळवा टेकवून म्हणाला, "भेटली."

वूफर एका लाकडी खोक्यात घालून त्याच कोपऱ्यात ढिगाच्या पोटात गेला. वायर तापली तर घराची होळी होईल, हे मी ओरडून सांगितलं. त्यांनी खोक्याची मागची बाजू भिंतीकडे मोकळी ठेवली आणि दर थोड्या वेळाने हात आत घालून तपासायचं व्रत घेतलं. आता डबा दिसत नव्हता, ढोलकी नेमकी होती आणि काकूंनी आपली खुर्ची सोडून ढिगाला पाठ टेकून बसायला सुरुवात केली. किडका कापूस, म्हणजे कवडी, बाजूला काढता काढता त्यांची बोटं मांडीवर ठेका धरायची. काका ते पाहून माझ्याकडे असे बघायचे की जणू पंप सुरू झाला.

मग भाव चढला. गल्लीतल्यांचे टेम्पो भरायला लागले. काकांचा ढीग हलेना. विचारलं तर म्हणायचे, "पाहू." हे "पाहू" गावात फिरलं. दौलतभाऊ थांबून राह्यला म्हणजे त्याले काही तरी खबर आहे, नितीन पुण्यात मोठ्या कंपनीत आहे, असं लोक एकमेकांना सांगू लागले. भरायला आलेले टेम्पो रिकामे परत गेले. भाव थोडा उतरला तरी कुणी विकेना. चहाच्या टपरीवर काकांना बाजाराचं गणित विचारायला माणसं बसायला लागली आणि काका सगळ्यांना "मोठ्यानं बोल बा" एवढंच सांगत होते. त्यातूनही लोकांनी अर्थ काढला. ज्या माणसाचं सगळं लक्ष एका काळ्या डब्यात होतं, त्याच्या भरवशावर आमच्या अर्ध्या गल्लीने कापूस अडवून धरला होता.

घरात फार दिवस ठेवलेला कापूस अंगाला खाज आणतो. हे इकडे लहान पोरालाही माहीत आहे. पौष लागला तसं माझ्या दुकानात खाजेचं मलम संपायला लागलं आणि काका ते दर दोन दिवसांनी न्यायला लागले. काकूंच्या पाठीवर आणि मानेवर चट्टे आले होते. शेवटी माझा संयम सुटला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "काका, विका आता तो कापूस. काकूची पाठ सोलून निघाली. त्या वूफरपायी बाईचा जीव घेता काय?"

मी हे बोललो रागात, पण आवाज चढवायला विसरलो. आणि काकांनी मोठ्याने बोल म्हटलं नाही. ते फ्रीजवर हात ठेवून उभे राहिले.

"मले त सगळं ऐकू येते, सुधीर," ते म्हणाले. "पंपानं काही नाही झालं. तू परवा बायकोले हळूच म्हणला ना, आला म्हातारा, आता तासभर गेला. तेही ऐकू आलं."

मी मलमाची ट्यूब उगाच पिशवीत घातली आणि बाहेर काढली.

"तिचे कान गेले," काका म्हणाले. "दोन वर्ष झाले. यवतमाळले नेलं, मशीन आणली, ते पेटीत आहे. लोकं बहिरी म्हणतीन म्हणते. मंडळात ठेका चुकला तिचा एक डाव, बाया हासल्या. त्यानंतर गुडघे दुखाले लागले. मंग मी म्हणलं, बहिरा मी बनतो. मले कोणी काही म्हणलं त काय फरक पडते? मी मोठ्यानं बोल म्हणलं का लोकं ओरडतात. तिले थोडंबहुत ऐकू येते. तिले वाटते माझ्यासाठी ओरडून राह्यले."

"अन् वूफर?"

"त्या ढिगाले पाठ लावली का ढोलकी तिच्या पाठीत जाते. कानानं नाही, पाठीनं ऐकते ते. तिले वाटते कान सुधरून राह्यले." त्यांनी फ्रीजवरचा हात उचलला. "घरात दोघंच आहो बा. मी तिच्याशी मोठ्यानं बोललो त ती घाबरते, का बाहेर ऐकू जाईन. हळू बोललो त समजत नाही, अन् समजलं नाही का ती हो म्हणते. भाजी आणू का? हो. नितीनचा फोन आलता का? हो. अवो, तुले बरं नाही काय? हो. सगळ्याले हो. वर्ष झालं, मी एकटाच बोलून राह्यलो. मंग ते बोलणंही बंद केलं. ढिगाजवळ बसली का निदान आमी दोघं एकच गोष्ट ऐकतो."

मला फार वाईट वाटलं. शेजारी राहून, रोज भिंतीपलीकडचा ठणठणाट ऐकून, त्या घरातली शांतता माझ्या कानी आली नव्हती. पण खाज तर खरी होती, आणि मी औषधं विकणारा माणूस. मी तेच बोललो. "काका, पाठच नाही राह्यली त ऐकतीन कायनं?" त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो बोलावला.

काकांनी कापूस भरला, हे पाहून गल्लीतल्या सगळ्यांनी धावतपळत टेम्पो बोलावले. दौलतभाऊले खबर लागली, आता भाव पडते, असं ठरलं. भाव पडला नाही, चढलाही नाही, पण आमच्या रस्त्यावर दिवसभर टेम्पोंची रांग होती.

संक्रांत दोन दिवसांवर आली होती. दुपारी काकांनी मला रिमोट धरायला बोलावलं. बैठक रिकामी, नुकती पुसलेली, आणि ढोलकी पुन्हा चारही भिंतींवर डोकं आपटत होती. वूफर पुन्हा काकूंच्या खुर्चीवर होता आणि काका पुन्हा रांगत होते. या वेळी त्यांच्यात जोर नव्हता. एका कोपऱ्यातून दुसऱ्यात जायचे, तळवा टेकवायचे, मान हलवायचे. मी गाणं थांबवायचो आणि लावायचो. काकू स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पदराला पुसत उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"तुमी काहून रांगून राह्यले?" त्या म्हणाल्या.

काका गुडघ्यांवर थांबले.

"त्या फोनमधल्या माणसाचं मले काही ऐकू नाही आलं," काकू म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, माझ्यादेखत. "पण दिसलं ना. जो खुर्चीवर बसला होता तोच खाली रांगत होता. ज्याले ऐकायचं त्यानं रांगावं लागते. तुमच्या कानाले गोड लागून मले काय उपयोग?"

एवढं बोलून त्यांनी पदर कमरेला खोचला आणि त्या खाली बसल्या. मी पुढे झालो, तर मला हातानेच थांबवलं आणि रिमोटकडे बोट दाखवलं. मी गाणं लावलं. काकू रांगायला लागल्या. गुडघ्यांची काही तक्रार दिसली नाही. त्या कोपऱ्यांत गेल्याच नाहीत. खोलीच्या मधोमध गेल्या, दोन्ही तळवे टेकवले, पुढे सरकल्या, परत मागे आल्या. काका तिथेच गुडघ्यांवर बसून त्यांच्याकडे पाहत होते. मला त्या दोघांकडे बघवेना, म्हणून मी रिमोटची बटणं वाचली.

काकू पुढच्या दाराच्या समोर थांबल्या. भिंतीपासून हातभर अलीकडे, जिथे आल्यागेल्याचा पहिला पाय पडतो तिथे. फरशीवर डावा हात तसाच ठेवून त्यांनी उजव्या हाताने ठेका धरला. गाण्यातल्या ढोलकीशी तो जुळला. कडवं संपेपर्यंत जुळलेला राहिला.

"इथं," त्या म्हणाल्या.

काका जवळ गेले. "इथं त सगळ्याइले दिसते."

काकूंना ते कळलं नाही. त्या हो म्हणणार होत्या, ओठ तसे झालेच होते. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग उघड्या दाराकडे, आणि घसा साफ करून इतक्या मोठ्याने म्हणाले की रस्त्यावरची सायकल थांबली, "कुसुम, इथं सगळ्याइले दिसते!"

"दिसू द्या," काकू म्हणाल्या.

वूफर उचलून तिथे ठेवला. त्याच्याजवळ खुर्ची आणली. काकू बसल्या, त्यांनी पाय वूफरला लावले आणि पाठ मागे टेकली. हातांचं काय करावं हे काकांना कळत नव्हतं. मग पुन्हा तशाच आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, त्यांनी विचारलं, "कुसुम, चहा टाकू काय?"

"नाही," काकू म्हणाल्या. "मले पित्त होते. सुधीरले टाका."

काका माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते.

"ऐकलं का?" ते मला म्हणाले. "नाही म्हणली."

आणि ते आत गेले. माझ्यासाठी टाकलेल्या चहात साखर घालायची त्यांना आठवण राहिली नाही. तो मी तसाच प्यायलो.